तुरुंगाच्या किल्ल्या आणि गरुडाचे गाणे

फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट या शहरी, एका ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेत, त्या देशाचे अ‍ॅटर्नी जनरल जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी व्यासपीठावरून एक देशभक्तिपर गाणे म्हटले. गाणे त्यांनी स्वतःच रचलेले होते. 'लेट द ईगल सोअर' हे त्याचे नाव. गरुड उंच झेपावो, हा त्याचा आशय. कॅमेरा समोर असल्यामुळे ते दृश्य दूरचित्रवाणीवर गेले, पुढे मायकेल मूर यांच्या २००४ च्या 'फॅरनहाइट ९/११' या चित्रपटात जगाने पाहिले, आणि आजही ती चित्रफीत पाहावयास मिळते. पाहणारा बहुधा हसतो. साठीला आलेला एक करारी चेहऱ्याचा मंत्री आपल्याच गाण्यात रंगून गेला आहे, हे पाहून हसू येणे स्वाभाविकच आहे. पण त्या हसण्यात एक मोठी गफलत होती. ती केवळ अमेरिकेतील उदारमतवाद्यांपुरती मर्यादित नाही, म्हणूनच या जुन्या गाण्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन.

प्रथम त्या पदाविषयी. आपल्याकडील अ‍ॅटर्नी जनरल हा सरकारचा वकील असतो; सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणे हे त्याचे काम. अमेरिकेत याच नावाचा अधिकारी मंत्रिमंडळात बसतो आणि न्याय खात्याचा कारभार पाहतो. एफबीआय त्याच्या हाताखाली, केंद्रीय सरकारी वकील त्याच्या हाताखाली, केंद्रीय तुरुंगही त्याच्याच हाताखाली. २००२ साली परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचे व हद्दपारीचे खातेसुद्धा त्याच्याकडे होते. ते मार्च २००३ मध्ये नव्या अंतर्गत सुरक्षा खात्यात गेले. म्हणजे पकडणारा, खटला भरणारा, कोंडणारा आणि देशाबाहेर काढणारा असे चारही हात ज्या एका धडाला जोडलेले होते, त्याच धडाच्या गळ्यातून हे गाणे निघत होते. एखाद्या निवृत्त पोस्टमास्तराने स्वातंत्र्यदिनी स्वतःची कविता म्हणावी, तसा हा प्रकार नव्हता.

गाण्याचे गुणदोष पाहण्यास फार वेळ लागत नाही. चर्चमधील भक्तिगीतांच्या वळणाची चाल, गरुडाच्या भरारीचे आवाहन, राष्ट्राच्या तारुण्याची आणि ईश्वराच्या अधिराज्याची ग्वाही. श्रमांतून आणि झगड्यांतून देश उभा राहिला असाही उल्लेख त्यात येऊन जातो. पण श्रम कोणाचे आणि झगडा कोणाशी, हे येत नाही, आणि श्रेय लागलीच परमेश्वराच्या खात्यावर जमा होते. दक्षिणेकडच्या मळ्यांत कापूस वेचणारे गुलाम, डोंगर फोडून लोहमार्ग टाकणारे चिनी मजूर, आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोत लढलेले आणि फासावर गेलेले कामगार, यांतील कोणीही त्या गाण्यात शिरू शकत नाही. अ‍ॅशक्रॉफ्ट यांचा जन्म त्याच शिकागोतला आहे.

गरुडाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पांढऱ्या डोक्याचा हा पक्षी १७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर आहे. राष्ट्रीय पक्षी म्हणून मात्र त्याला कायद्याने मान्यता मिळाली ती डिसेंबर २०२४ मध्ये. त्या राष्ट्राच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांना ही निवड मुळीच पसंत नव्हती. १७८४ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या पक्ष्याच्या चारित्र्यावर ठपका ठेवला होता. हा प्रामाणिकपणे पोट भरत नाही, मासे पकडणाऱ्या दुसऱ्या कष्टाळू पक्ष्यावर लांबून नजर ठेवतो आणि त्याने मासा पकडला की तो हिसकावून घेतो, अशी त्यांची तक्रार होती. फ्रँकलिन काही मार्क्सवादी नव्हते. परंतु वरकड मूल्याचे इतके सुबोध चित्र अभ्यासवर्गात वापरण्यास आमची हरकत नाही.

आता गायकाचा पूर्वेतिहास. अ‍ॅशक्रॉफ्ट हे मिझुरी राज्याचे. त्या राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल असताना सेंट लुइस शहरातील शाळांतून वंशभेद हटविण्याच्या योजनेला त्यांनी न्यायालयांत कडवा विरोध केला. पुढे ते गव्हर्नर झाले, १९९५ मध्ये सिनेटर झाले आणि तेथे रिपब्लिकन सहकाऱ्यांसमवेत त्यांनी 'सिंगिंग सिनेटर्स' नावाची गायकांची चौकडी काढली. १९९९ मध्ये रॉनी व्हाइट या कृष्णवर्णीय न्यायाधीशाची केंद्रीय न्यायालयावरील नेमणूक त्यांनी पुढाकार घेऊन हाणून पाडली. त्याच वर्षी त्यांनी बॉब जोन्स विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारली. गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांनी परस्परांशी प्रेमसंबंध ठेवू नयेत, असा नियम या विद्यापीठात २००० सालापर्यंत होता. नोव्हेंबर २००० च्या निवडणुकीत मिझुरीच्या मतदारांनी त्यांचा पराभव केला. तोही अशा प्रतिस्पर्ध्याकडून की जो मतदानापूर्वी तीन आठवडे विमान अपघातात मरण पावला होता. मतदारांनी नाकारलेल्या या गृहस्थांना अध्यक्ष बुश यांनी अ‍ॅटर्नी जनरल केले आणि सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यास संमती दिली. जनतेच्या नावाने गाणाऱ्याला जनतेने नुकतेच घरी पाठविले होते, ही गोष्ट त्या चित्रफितीत दिसत नाही.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे झालेल्या हल्ल्यांत सुमारे तीन हजार माणसे मारली गेली. त्यांत ३४३ अग्निशामक होते, मनोऱ्यांतील उपाहारगृहांचे कामगार होते, सफाई कामगार होते, दूरदूरच्या देशांतून पोट भरण्यास आलेले लोक होते. त्या हत्याकांडाचा निषेध करताना आमच्या मनात कधीही किंतु नव्हता. पण त्या मृतांच्या नावाने काय करण्यात आले, ते पाहिले पाहिजे. अवघ्या दीड महिन्यात, २६ ऑक्टोबर २००१ रोजी, एका जाडजूड कायद्यावर बुश यांनी सही केली. प्रतिनिधिगृहात त्याच्या बाजूने ३५७ व विरुद्ध ६६ मते पडली. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १. ते एकमेव विरोधी मत विस्कॉन्सिनचे रसेल फाइनगोल्ड यांचे. कायद्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे अशी जुळवून आणली होती की त्यांतून 'यूएसए पॅट्रिअट', म्हणजेच देशभक्त, असा शब्द तयार व्हावा. ज्या कायद्याचे नावच देशभक्त, त्याला विरोध करणारा कोण ठरतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. वाचनालयातून कोणी कोणती पुस्तके नेली, याची नोंद गुप्तपणे मागविण्याची सोयही त्या कायद्यात होती. अमेरिकेतील ग्रंथपालांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी २००३ मध्ये जाहीर भाषणांतून त्यांची भीती निराधार ठरवून त्यांची टर उडविली. त्याआधी, डिसेंबर २००१ मध्ये, सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे त्यांनी टीकाकारांना बजावले होते की स्वातंत्र्य गेल्याच्या बागुलबुवाने लोकांना घाबरविणारे दहशतवाद्यांनाच मदत करीत आहेत. हे उद्गार काढल्यानंतर तीन महिन्यांच्या आत शार्लटचे गाणे झाले.

गाणे चालू होते तेव्हा तुरुंगांत काय चालले होते? याचे उत्तर आमच्याकडून नको. अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्याच खात्याच्या महानिरीक्षकाने जून २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून घ्यावे. ११ सप्टेंबरच्या तपासात ७६२ परदेशी नागरिकांना पकडून डांबण्यात आले, ते मुख्यतः व्हिसाची मुदत संपल्यासारख्या कारणांवरून. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश पाकिस्तानचे होते. कित्येकांवर संशय यावा असे काहीच नव्हते. एका किराणा दुकानात मध्यपूर्वेकडची पुष्कळ माणसे दिवसरात्र काम करतात, अशा प्रकारची निनावी खबरसुद्धा पकडण्यास पुरेशी ठरली. दिवसरात्र काम करणे हा संशयाचा मुद्दा! भांडवलशाही ज्या गुणाबद्दल स्थलांतरित मजुराला एरवी राबवून घेते, तोच गुण त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. एफबीआयने निर्दोष म्हणून शेरा देईपर्यंत कोणालाही सोडावयाचे नाही, असे धोरण ठरले, आणि तो शेरा मिळण्यास सरासरी ८० दिवस लागले. जामीन नाही, वकिलाला फोन करणे दुरापास्त, आणि नातेवाइकांना आपला माणूस कोठे आहे याचा पत्ता नाही.

यांपैकी ८४ जणांना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील केंद्रीय तुरुंगात ठेवले होते. दिवसाचे २३ तास कोठडीत, चोवीस तास दिवे चालू. पहारेकऱ्यांनी मारहाण केल्याच्या तक्रारी कैदी करीत होते आणि पहारेकरी त्या नाकारीत होते. पुढे तुरुंगातीलच चित्रफिती सापडल्या व डिसेंबर २००३ मध्ये महानिरीक्षकाने पुरवणी अहवाल दिला. त्यात एक तपशील आहे. कैद्यांना आत आणण्याच्या जागी भिंतीवर एक बनियन चिकटवलेले होते. त्यावर अमेरिकेचा राष्ट्रध्वज छापलेला होता आणि हे रंग पळ काढीत नाहीत, अशा अर्थाची घोषणा होती. आत येणाऱ्या कैद्याचे तोंड त्या ध्वजावर नेऊन दाबले किंवा आपटले जाई. ते कापड कैद्यांच्या रक्ताने डागाळले होते.

वाचकांनी हा तपशील आणि शार्लटचे ते गाणे शेजारी शेजारी ठेवावे. एका बाजूला मंत्री उंच भरारीचे गीत गात आहे. दुसऱ्या बाजूला त्याच मंत्र्याच्या तुरुंगात, त्याच महिन्यांत, कोणा दुकानातल्या नोकराचे किंवा कोणा टॅक्सीचालकाचे नाक राष्ट्रध्वजावर फुटत आहे. दोन्ही ठिकाणी देशभक्तीच चालली होती. गाण्याने पहारेकऱ्याला मारण्याचा हुकूम दिला, असे आमचे म्हणणे नाही. इतका सरळ कार्यकारणभाव जगात क्वचितच असतो. पण राष्ट्रप्रेमाची कसोटी काय, ती कोणाला लावावयाची आणि कोणाच्या तोंडावर लावावयाची, याचे वातावरण वरून खाली झिरपत असते. वरच्या मजल्यावर ते संगीत असते, तळघरात त्याचे रूप बदलते.

त्या ७६२ जणांपैकी एकावरही ११ सप्टेंबरच्या कटाचा गुन्हा शाबीत झाला नाही. बहुतेकांना मुकाट्याने देशाबाहेर घालविण्यात आले. २००२ मध्ये अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या खात्याने आणखी एक योजना काढली. २५ देशांतील, आणि त्यांतले २४ मुस्लिमबहुल, सोळा वर्षांवरील पुरुषांनी सरकारी कचेरीत येऊन नोंदणी करावी, बोटांचे ठसे द्यावेत, असा तो हुकूम होता. देशात राहणाऱ्या ८० हजारांहून अधिक लोकांनी कायदा पाळून नोंदणी केली. त्यांतील १३ हजारांहून अधिकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. पाकिस्तान व बांगला देश या यादीत होते, भारत नव्हता. त्यामुळे आपल्याकडच्या सुखवस्तू वर्तमानपत्रांना या प्रकाराचे फारसे सोयरसुतक वाटले नाही. ब्रुकलिनच्या तुरुंगातील एका पाकिस्तानी कैद्याने अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्यावर भरलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. 'अ‍ॅशक्रॉफ्ट विरुद्ध इक्बाल' या नावाने तो प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरविले की अ‍ॅशक्रॉफ्ट यांना जबाबदार धरण्याइतका मजकूर तक्रारीत नाही. तुरुंगाच्या आत कोंडलेल्या माणसाने मंत्र्याच्या मनातील हेतू आधीच तपशीलवार सांगितला पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो.

ऑगस्ट २००२ मध्ये याच न्याय खात्यातून ते कुप्रसिद्ध टिपण निघाले, ज्यात छळाची व्याख्या इतकी आकुंचित केली होती की पाण्यात गुदमरविणे हासुद्धा छळ ठरू नये. हे सर्व एकाच कारकिर्दीत घडले. न्याय म्हणून एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मार्च २००४ मध्ये अ‍ॅशक्रॉफ्ट आजारी होऊन रुग्णालयात असताना, राष्ट्राध्यक्षांचे दोन उच्चाधिकारी बिनपरवाना टेहळणीच्या एका गुप्त कार्यक्रमावर सही घेण्यास त्यांच्या खाटेपाशी आले, तेव्हा त्यांनी सही नाकारली. ही गोष्ट त्यांच्या बाजूने आहे. त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी त्याच कार्यक्रमाला मंजुरी दिली होती, हीही गोष्ट आहेच.

गाण्याकडे परत येऊ. २००२ च्या वसंतात वृत्तपत्रांतून असे प्रसिद्ध झाले की खात्याच्या बैठकांत अधिकाऱ्यांना मंत्रिमहोदयांच्या गाण्यांचे कागद वाटण्यात येतात व त्यांनी सुरात सूर मिळवावा अशी अपेक्षा असते, आणि काही अधिकारी त्यामुळे कुरकुरत आहेत. त्याच सुमारास न्याय खात्याच्या सभागृहातील न्यायदेवतेच्या पुतळ्यापुढे, तिचा एक स्तन उघडा असल्यामुळे, आठ हजार डॉलर खर्चून निळे पडदे लावण्यात आले. पडद्यांवर आणि गाण्यावर मिळून अमेरिकेत जितके विनोद झाले, तितकी चर्चा ब्रुकलिनच्या त्या भिंतीवर झाली असती तर! दूरचित्रवाणीचे विदूषक, वृत्तपत्रांचे चुरचुरीत स्तंभलेखक, मूर यांच्यासारखा खरोखर सद्हेतूचा चित्रपटकार, सर्वांनी गायकाला हास्यास्पद केले. आणि कायदा? त्याला २००६ मध्ये मुदतवाढ मिळाली, २०११ मध्ये पुन्हा मिळाली, तीही ओबामा यांच्या सहीने. वाचनालयांच्या नोंदी मागविण्याचे कलम थोड्या दुरुस्तीनिशी मार्च २०२० पर्यंत टिकले. अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी २००५ मध्ये पद सोडले. त्याच वर्षी बुश यांच्या दुसऱ्या शपथविधीत त्यांचे हे गाणे एका व्यावसायिक गायकाने गायिले. पडदेही २००५ मध्ये काढण्यात आले. अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी सल्लागार कंपनी काढली, आणि इराकमध्ये बगदादच्या चौकात नागरिकांवर गोळ्या झाडणाऱ्या ब्लॅकवॉटर या भाडोत्री सैनिकांच्या कंपनीने नाव बदलून नवा अवतार घेतला तेव्हा, २०११ मध्ये, तिच्या संचालक मंडळावर ते जाऊन बसले. हास्यास्पद झालेल्या माणसाचे काहीही बिघडले नाही. सत्ताधाऱ्याची टिंगल म्हणजे सत्तेशी लढा, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

राजकारणी माणसाने गाणे रचू नये की काय, असे कोणी विचारील. अवश्य रचावे. हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांना सविनय कायदेभंगाच्या काळात देशभक्तीचे गाणे गायिल्याबद्दल इंग्रजांनी तुरुंगात टाकले. १९५२ मध्ये कम्युनिस्टांच्या पाठिंब्याने विजयवाड्याहून ते पहिल्या लोकसभेत निवडून गेले, आणि तेथेही त्यांचा कंठ बंद झाला नाही. हैदराबादचे कॉम्रेड मखदूम मोहिउद्दीन गिरणी कामगारांचे पुढारी, निजामाच्या पोलिसांचे लक्ष्य, पुढे विधिमंडळाचे सभासद, आणि उर्दूतील थोर कवी. मराठवाड्यातील जुन्या कार्यकर्त्यांनी त्यांची गाणी आपल्या मानली, कारण निजामाची राजवट तेलंगणाची तशीच औरंगाबाद-परभणीचीही होती. बार्शीच्या गिरणीत राबलेले शाहीर अमर शेख आणि वाटेगावहून मुंबईत येऊन मिळेल ते काम करीत लिहिते झालेले अण्णाभाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाला स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने बंदी घातली. तरीही संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानांवर लोकांनी ऐकला तो याच मंडळींचा डफ. १९६९ च्या जुलै-ऑगस्टात, सहा आठवड्यांच्या आत, अण्णाभाऊ, मखदूम आणि अमर शेख हे तिघेही गेले. यांच्या गाण्यांत देश होता, ठासून होता. पण गाणाऱ्याच्या हातात किल्ल्या नव्हत्या. गाण्याची किंमत गाणारा स्वतः मोजीत होता आणि न गाणाऱ्याला दंड करण्याची शक्ती त्याच्यापाशी नव्हती. ऐकणारा उठून गेला तर शाहिराचा शब्द कमी पडला, एवढेच.

अमेरिकेतही अशी परंपरा आहे, आणि ती अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या परंपरेपेक्षा जिवंत आहे. वुडी गथ्री हे कम्युनिस्ट दैनिकात सदर लिहीत. ईश्वराच्या आशीर्वादाचे एक देशभक्तिपर गाणे रेडिओवर सतत ऐकून कंटाळल्यामुळे त्यांनी १९४० मध्ये त्याला उत्तर म्हणून, ही भूमी सर्वांची, अशा आशयाचे आपले सुप्रसिद्ध गीत लिहिले. खाजगी मालमत्तेच्या पाटीविषयीचे आणि मदतकेंद्राबाहेर उभ्या असलेल्या भुकेल्यांविषयीचे कडवे शाळांच्या पुस्तकांतून गाळून मग ते गीत मुलांना शिकविण्यात आले. पॉल रोबसन यांनी १९३९ मध्ये रेडिओवरून अमेरिकेच्या सामान्य जनतेचे बॅलड गायिले तेव्हा सारा देश हेलावला होता. १९५० मध्ये सरकारने त्याच रोबसन यांचा पासपोर्ट हिरावून घेतला. आठ वर्षे त्यांना देशाबाहेर पाऊल टाकू दिले नाही. १९५२ मध्ये कॅनडाच्या सरहद्दीवर एका ट्रकच्या फळीवर उभे राहून ते पलीकडे जमलेल्या हजारो कामगारांसाठी गायिले. १९५८ मध्ये त्यांच्या साठाव्या वाढदिवसाचे सोहळे भारतात झाले, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला त्यांच्या समितीचे अध्यक्ष होते, पंडित नेहरूंनी जाहीर पाठिंबा दिला, आणि वॉशिंग्टनच्या मुत्सद्द्यांना ते झोंबले. अमेरिकेला देशभक्तीचे गाणे हवे होते तर असा गळा तिच्यापाशी होता.

सत्ता हाती आल्यावर जनतेकडून हुकमाने गाणी म्हणवून घेण्याचा मोह समाजवादी देशांतही झाला आणि त्यातून चळवळीचे नुकसान झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. थायलंडमध्ये मे २०१४ मध्ये लष्करी उठाव करणारे जनरल प्रयुत यांनी काही आठवड्यांतच देशाला सुख परत देण्याविषयीचे गाणे लिहून ते प्रसारित केले आणि बंदुकीच्या धाकाखालच्या जनतेला ते ऐकावे लागले. ध्वजाचा रंग कोणताही असो, किल्लीवाल्याचे गाणे ऐकणाऱ्याला निवड नसते.

आणि आपला देश? ज्या फेब्रुवारीत अ‍ॅशक्रॉफ्ट गात होते, त्याच्याच पुढच्या महिन्यात, २६ मार्च २००२ रोजी, वाजपेयी सरकारने दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून ४२५ विरुद्ध २९६ मतांनी पोटा कायदा संमत करून घेतला. डाव्या पक्षांनी त्याच्या विरोधात मतदान केले. २००४ मध्ये पोटा रद्द झाला. पण त्यातील बरीच कलमे त्याच वर्षी आणि पुन्हा २००८ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घालण्यात आली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने संघटनेप्रमाणेच एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी म्हणून घोषित करण्याची सोय झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये चित्रपटगृहांत खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजविणे व सर्वांनी उभे राहणे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचे केले; अंधारात शेजारी उभा राहिला की नाही हे तपासणारे देशभक्त त्यातून निपजले. जानेवारी २०१८ मध्ये ती सक्ती त्याच न्यायालयाने मागे घेतली. वस्तुतः १९८६ मध्येच, केरळमधील तीन मुलांच्या खटल्यात, या न्यायालयाने निर्वाळा दिला होता की राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहिलेल्या पण धर्मश्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या मुलांना शाळेतून काढता येत नाही. तो निकाल आजही वाचण्यासारखा आहे. प्रत्येक शाखेने तो मिळवून अभ्यासवर्गात घ्यावा अशी आमची सूचना आहे.

अमेरिकन मंत्र्याच्या गाण्याला हसताना आपल्या कार्यकर्त्यांनी हेही पाहावे की आपल्याकडे आता गाणे कोणाला म्हणता येते. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर एल्गार परिषद भरली. तिच्यात कबीर कला मंचाच्या कलावंतांनी गाणी म्हटली. जानेवारी २०१८ मध्ये पुण्यात नोंदविलेल्या फिर्यादीत त्या रात्रीच्या गाण्यांतील व भाषणांतील ओळी प्रक्षोभक म्हणून उतरविण्यात आल्या. त्यांतील काहींचे मूळ बर्टोल्ट ब्रेश्ट या जर्मन नाटककाराच्या नाटकात आहे, हे पुढे अनेकांनी दाखवून दिले. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने या कलापथकाच्या तिघांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक केली. ते तिघेही दलित व कष्टकरी वस्त्यांतून डफावर गात फिरलेले तरुण होते, आणि अटकेनंतर खटला उभा राहण्याची वाट पाहत त्यांनी वर्षानुवर्षे तुरुंगात काढली.